चाकूरच्या रिकाम्या प्लॉटांभोवती

लातूरकडे गाडी चालवायला गेले होते असं सांगितलं की आमच्या देवरुखातली माणसं आधी गप्प होतात आणि मग विचारतात, "तिकडे कोण आजारी होतं का?" कोणी आजारी नव्हतं. मी हौसेनं गेले होते. समोरून कोणी येत नाही अशा रिकाम्या डांबरी रस्त्यावर दिवसभर गाडी वेगानं आणि तरीही नीट कशी चालवायची ते शिकायचं, याला ट्रॅक डे म्हणतात, हे मलाही महानंदाच्या फोनवरच कळलं.

महानंदा माझी कोल्हापूरच्या वसतिगृहातली मैत्रीण. माहेर देगलूरचं, सासर लातूरचं. माहेरी आईशी कानडीत, वडिलांच्या दुकानात तेलुगूत आणि आमच्याशी मराठीत बोलायची, आणि भांडताना तिन्ही भाषा एकदम वापरायची. पन्नाशीच्या उंबरठ्यावर तिनं गाडी शिकायला घेतली. "चित्रे, तू ये," ती म्हणाली. "आमच्याकडं ट्रॅक डे ठेवलाय. तू घाटात चालवतीस, तुला काय अवघड. मला एकटीला लई भ्या वाटायलंय."

आंबा घाट मी गेली कित्येक वर्षं चालवते आहे. धुक्यात, पावसात, समोर कंटेनर अडकलेला असताना. त्यामुळे मला शिकण्यासारखं काही असेल असं वाटलं नव्हतं. तिच्या सोबतीला जावं आणि तो भाग एकदा पाहून यावा, एवढाच विचार होता. दिवाळीच्या सुट्टीत निघाले.

नांदेड

स्टेशनवर महानंदा आणि तिचे यजमान, दोघंही आले होते. यजमानांना सगळे अप्पा म्हणतात, मीही म्हणू लागले. त्यांचा डाळीचा व्यापार. कपाळावर भस्माची बोटं, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. हैदराबादला आजवर इतक्यांदा गाडीनं गेलेत की रस्त्यातला प्रत्येक ढाबेवाला त्यांना नावानं हाक मारतो, असं त्यांनीच सांगितलं.

आम्ही आधी गुरुद्वाऱ्यात जाऊन लंगरमध्ये जेवलो. डाळ, पोळी, खीर. पंगतीत शेजारी बसलेल्या पंजाबी आजींनी माझ्या ताटात विचारल्याशिवाय आणखी एक पोळी टाकायला लावली. आमच्याकडे देवळातल्या पंगतीत आग्रह होतो, पण त्याआधी तुम्ही कोणाचे कोण हे ठरवून होतो. इथे कोणी विचारलंच नाही.

मग सतनामभाऊंच्या टायरच्या दुकानात गेलो. सतनामसिंग नांदेडचेच, पणजोबांच्या आधीपासूनचे. तरुणपणी दक्षिणेतल्या रॅल्यांमध्ये गाड्या पळवल्या, आता दुकान सांभाळतात आणि अधूनमधून रविवारी लोकांना गाडी चालवायला शिकवतात. उंच माणूस, निळी पगडी, दाढीत पांढरं जास्त. मराठी अस्सल तिथली.

"ताई, तुमी कुठं चालवता?"

"घाटात. कोकणात."

"मंग सरळ रस्त्याची सवय नसंल."

मी हसले. सरळ रस्त्याची कसली सवय लागते?

"उद्या बगू," ते म्हणाले आणि आम्हाला चहा सांगितला.

लोहा, अहमदपूर आणि पुढे

नांदेडहून लातूरकडे निघालं की लोह्याच्या पुढे जमीन उघडी पडत जाते. मला ते पाहून सुरुवातीला चक्क गरगरलं. आमच्याकडे नजर कुठे ना कुठे अडते. डोंगर, माड, शेजाऱ्याचं छप्पर. इथे काळी जमीन थेट आभाळापर्यंत जाते आणि मध्ये एखादं कडुलिंबाचं झाड उभं असतं. समोरून येणारा ट्रक आधी ठिपका म्हणून दिसतो आणि मग बराच वेळ ठिपकाच राहतो.

अप्पा गाडी चालवत होते. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा बोलण्यासाठी. पुढच्या गाडीच्या अगदी पाठीला जाऊन ब्रेक दाबायचे, मग बाहेर काढून पुढे जायचे. मागच्या सीटवर महानंदा आणि मी दर वेळी पुढे झुकायचो आणि मागे यायचो. तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. डब्यातले धपाटे ती बरोबर दोन झुकण्यांच्या मध्ये मोडून माझ्या हातात देत होती.

अहमदपूरच्या अलीकडे रस्त्याचा एक पूर्ण काठ पिवळा झालेला दिसला. सोयाबीन! काढणी झाली होती आणि लोकांनी ते डांबरावरच वाळत घातलं होतं. कडेनं दगडांची रांग, म्हणजे गाड्यांनी त्याच्या बाहेरून जायचं. बाया अनवाणी पायांनी दाणे ओढत, उलटत चालत होत्या. आमच्याकडे आंब्याची साठं आणि कोकमं अंगणात वाळतात. इथलं अंगण केवढं लांब, असं माझ्या मनात आलं.

"गाडीवाल्यांना त्रास नाही होत?" मी विचारलं.

"व्हतो की," अप्पा म्हणाले. "पर वाळवायचं कुठं? डांबर तापतंय चांगलं."

रात्री लातूरला ज्वारीची भाकरी, भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या येसरची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. आमटीचा वास नाकात ठेवूनच झोपले.

चाकूर

अप्पांच्या चुलतभावानं चाकूरजवळ शेत घेऊन प्लॉटिंग केलंय. गटारं काढली, आतले रस्ते डांबरी केले, प्लॉटांच्या कोपऱ्यांवर नंबर घातलेले दगड रोवले, प्रवेशाला कमान उभी केली. घर मात्र एकही नाही. लोकांनी प्लॉट घेतले आणि ठेवून दिले. त्या रिकाम्या नगरीच्या कडेकडेनं एक रस्ता सगळ्या प्लॉटांना वळसा घालून येतो, तोच आमचा ट्रॅक. एक लांब सरळ पट्टा, दोन मोठी वळणं, एक दुहेरी वळण, आणि मागच्या अंगाला बाभळींच्या रांगेआड जाणारं एक वळण.

दहा-बारा गाड्या आल्या होत्या. लातूरचे, उदगीरचे, एक जण तर जळकोटहून. सतनामभाऊंनी सगळ्यांना घेऊन सकाळी पूर्ण रस्ता पायी फिरवला. खडा दिसला की स्वतः उचलून बाहेर टाकत. प्रत्येक वळणावर झेंडा घेऊन एक माणूस उभा केला. "झेंडेवाला जागेवर न्हाई तवर कुणी गाडी हलवायची न्हाई," त्यांनी दोनदा बजावलं.

बाभळींच्या पलीकडे लागून असलेलं शेत सोजरबाईंचं. त्या बांधावर उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. नऊवारी, कासोटा घट्ट, हातात लाकडी दाताळं. त्यांचं सोयाबीन पोत्यांत भरून बांधाला लावलेलं होतं, कारण एरवी त्या ते याच रस्त्यावर वाळवत. अप्पांनी त्यांना आदल्या आठवड्यातच सांगितलं होतं, की आज गाड्या संपल्यावर पसरा.

"किती वेळ चालायचंय हे?" त्यांनी विचारलं.

"दुपारपर्यंत, मावशी," अप्पा म्हणाले. पुढे त्या 'दुपार' शब्दानंच घोळ केला.

सतनामभाऊंनी आमचे तीन वर्ग केले. बालवाडी, हायस्कूल, कॉलेज. महानंदा बालवाडीत. मी आणि अप्पा हायस्कुलात. अप्पांना ते बिलकुल आवडलं नाही. "तीस वर्सं झाली चालवायलोय मी," ते म्हणाले.

"म्हून तर कॉलेजात घेतलं न्हाई," सतनामभाऊ म्हणाले. "तीस वर्सांचं आधी काढावं लागंल."

बालवाडी सुरू झाली तेव्हा मी महानंदाच्या मागच्या सीटवर बसले. सतनामभाऊ तिच्या शेजारी. तिची मान पुढे, हनुवटी जवळजवळ स्टिअरिंगला, नजर बॉनेटच्या टोकावर. हातांच्या बोटांची पेरं पांढरी पडलेली. वळण येण्याच्या कितीतरी आधी तिनं ब्रेकवर पाय ठेवला, तो वळण संपून सरळ रस्ता लागला तरी ठेवलेलाच. एक गाडी पुढे गेली तर ती त्या गाडीला "सॉरी हं" म्हणाली. काच बंद असताना.

"ताई, बोनेटात काय हारवलंय का?"

"न्हाई भाऊ."

"मंग तिथं नका बगू. जिकडं जायचंय तिकडं बगा. लांब. ती कमान दिसती का? तिच्याकडं बगा. हात आपोआप तिकडं नेतेत."

तिनं मान वर केली. गाडी खरंच सरळ झाली. मला आरशात तिचे डोळे दिसले, मोठे झालेले, जणू कोणी तिला न सांगता खिडकी उघडली होती. मग पुढच्या वळणावर ती पुन्हा बॉनेटकडे वळली, पुन्हा वर आली. असं चाललं. पण एक गोष्ट मला तेव्हाच जाणवली, की तिच्या गाडीत मी एकदाही पुढे झुकले नव्हते. ती हळू जात होती, पण झटका म्हणून बसत नव्हता. भरलेलं दुधाचं पातेलं उचलून नेताना बाई जशी चालते, तशी ती चालवत होती.

मग माझी पाळी. गाडी तीच, महानंदाची.

पहिल्या वळणाच्या आधी मी हॉर्न वाजवला.

सतनामभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "कोण हाय तिकडं?"

"कोणी नाही. सवय."

दुसऱ्या वळणाआधी पुन्हा वाजला. तिसऱ्याला मी हात आवरला तर पायानं घोळ केला. घाटात आपण वळणात शिरल्यावर हळूहळू ब्रेक दाबत, चाचपडत जातो, कारण पलीकडे काय आहे ते दिसत नसतं. इथे सगळं दिसत होतं आणि मी तरी चाचपडत होते. सतनामभाऊ म्हणाले, ब्रेकचं काम सरळ रस्त्यावर संपवा, वळणात फक्त वळा, आणि बाहेर पडताना पाय द्या. एकेक काम एकेका वेळी.

दोन-तीन फेऱ्यांत ते जमलं. आणि जमलं की काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. सरळ पट्ट्यावर एवढा वेग मी जन्मात घेतला नव्हता. पुढे उदगीरच्या एका डॉक्टरांची निळी गाडी दिसत होती आणि ती मला गाठायची होती. का, ते सांगता येणार नाही. त्यांनी माझं काही घेतलं नव्हतं. दुहेरी वळणात मी जरा जास्तच वेगानं शिरले, मध्यावर घाबरून मी ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला. गाडीची मागची बाजू हलकी झाली आणि निघाली बाजूला. आभाळ, बाभळी, कमान, पुन्हा आभाळ. गाडी थांबली तेव्हा मी जिकडून आले तिकडे तोंड करून उभी होते.

मग सतनामभाऊ शांतपणे म्हणाले, "आता वाजवा हार्न."

मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं.

"बालवाडीवाले भ्यात-भ्यात चुकतेत," ते म्हणाले. "त्यांना लागत न्हाई. हायस्कूलवाल्यांना थोडं यायलंय असं वाटलं की लागतंय. तुमी ती निळी गाडी बगून राहिल्या होत्या, रस्ता न्हाई."

अप्पांच्या बाबतीत ते एवढंही बोलले नाहीत. अप्पा ब्रेक शेवटच्या क्षणी, सगळ्या जोरानं दाबत. मग वळण चुकलं की टायर जुने आहेत म्हणत. टायर सतनामभाऊंच्याच दुकानातले होते, आणि नवे होते. दुसऱ्या वेळी रस्ता तिरका आहे म्हणाले. तिसऱ्या वेळी महानंदा रस्त्याकडेला उभी राहून बघत होती म्हणून लक्ष गेलं, म्हणाले.

"मी काय केलं?" ती हसत म्हणाली.

"तू बघायलीस."

दुपार

कमानीखाली सतरंजी टाकून जेवलो. भाकरी, भरल्या वांग्यांची भाजी, दही, कांदा. सगळ्या गाड्या बंद झाल्यावर एकाएकी केवढी शांतता झाली. झेंडेवालेही येऊन बसले.

मी सतनामभाऊंना विचारलं, "आणि कॉलेजवाले कशात चुकतात?"

त्यांनी कांदा बुक्कीनं फोडला. "त्यांचं लौकर दिसत न्हाई," म्हणाले, आणि विषय बदलला.

मला राहवेना. माणूस दुहेरी वळणातून नेमका जातो कसा हे मला आतून बघायचं होतं. त्यांची स्वतःची जुनी गाडी बाजूला उभी होती, आत लोखंडी नळ्यांचा सांगाडा बसवलेली. मी म्हटलं, तुम्ही एक फेरी मारून दाखवा ना. ते आधी नको म्हणाले, जेवण झालंय. मग माझा चेहरा बघून उठले.

"चला. एकच. हळूच."

झेंडेवाले जेवत होते. त्यांना उठवावं असं सतनामभाऊंना वाटलं नाही, आणि मलाही सुचलं नाही. एकच फेरी, ट्रॅकवर दुसरी गाडी नाही, रस्ता सकाळी पायी बघितलेला.

त्यांच्या हातात गाडी वेगळीच वागत होती. स्टिअरिंग फारसं हलतच नव्हतं. दुहेरी वळण मी मोजलं होतं तसं आलंच नाही, एकाच लांब ओळीसारखं निघून गेलं. मी म्हटलं, "पुन्हा सांगा, इथे पाय कधी—"

आम्ही बाभळींच्या वळणात शिरलो.

वळण उघडलं आणि रस्ता पिवळा होता. या कडेपासून त्या कडेपर्यंत. त्याच्या मधोमध सोजरबाई, पाठमोऱ्या, दाताळ्यानं सोयाबीन पसरत होत्या.

सतनामभाऊंनी स्टिअरिंग प्लॉटांच्या बाजूला घेतलं. गाडी रस्ता सोडून प्लॉटात उतरली, एक नंबराचा दगड उडाला, मग जमीन खाली गेली आणि आम्ही गटारात आदळलो. पट्टा माझ्या खांद्यात रुतला. धूळ एवढी की काही दिसेना. त्या धुळीत सोजरबाईंचा आवाज आला, आधी देवाचं नाव, आणि मग आमच्या सात पिढ्यांचा उद्धार.

मी दार ढकलून बाहेर पडले. मला लागलं नव्हतं. सतनामभाऊ सीटवरच बसून होते. उजवा हात छातीशी धरलेला, चेहरा राखेसारखा.

"मावशीला बगा," ते म्हणाले. "मावशी बऱ्या हायत का ते बगा आधी."

सोजरबाई जागच्या जागी खाली बसल्या होत्या. मी जवळ गेले तर माझा दंड धरून म्हणाल्या, "आवाज बंद झाला की गं बाई. म्हून पसरलं. मला वाटलं, संपलं तुमचं." मीही त्यांच्याजवळ दाण्यांतच बसले. दाणे उन्हानं तापलेले होते. आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून काही वेळ तशाच होतो.

सगळे पळत आले. अप्पा सोजरबाईंवर ओरडायला लागले, तेव्हा गाडीतून सतनामभाऊंचा आवाज आला, आणि तो दिवसभरातला त्यांचा सगळ्यात मोठा आवाज होता. "अप्पा! त्यांची चूक न्हाई. माझी हाय. झेंडा न्हाई, बगणं न्हाई, निघालो आपला. सकाळचा रस्ता सकाळी व्हता."

सोजरबाई उठल्या, घागरीतून तांब्याभर पाणी आणून त्यांनी स्वतः सतनामभाऊंना पाजलं. शिव्या मात्र थांबल्या नव्हत्या, फक्त आवाज उतरला होता.

लातूरचा रस्ता

चाकूरच्या दवाखान्यात सतनामभाऊंच्या हाताला झोळी बांधून दिली. गळ्याखालचं हासळीचं हाड मोडलेलं दिसत होतं, लातूरला नेऊन फोटो काढा म्हणाले. आमच्याकडे महानंदाची गाडी होती. अप्पांनी किल्लीसाठी हात पुढे केला.

सतनामभाऊ दाराला टेकून महानंदाकडे बघत उभे होते. "अप्पा, तुमी मागं बसा. ताई चालवतील."

"कोण? ही?" अप्पा म्हणाले. "हायवेला? ती आजवर कॉलनीच्या बाहेर गेली न्हाई."

"तुमचा ब्रेक मी सकाळपासून बगून राहिलोय. माझ्या हाडाला तो झेपायचा न्हाई."

अप्पा माझ्याकडे वळले. मी माझे हात पुढे करून दाखवले. ते अजून थरथरत होते. महानंदा किल्ली मुठीत घेऊन उभी होती आणि तिचा चेहरा बघून मला वाटलं, ही नाही म्हणणार. ती कानडीत काहीतरी पुटपुटली, देवाला की स्वतःला कोण जाणे, आणि जाऊन बसली. सीट पुढे ओढली. आरसा नीट केला. पदर खोचला.

पहिल्यांदा रस्त्यावर आलो तेव्हा तिची मान पुन्हा पुढे गेली. ट्रक शेजारून गेला की गाडी हलायची. सतनामभाऊ डोळे मिटून बसले होते. अप्पा माझ्या शेजारी, दोन्ही हात समोरच्या सीटला धरून. त्यांचा उजवा पाय चटईवर दाबला जात होता, सुटत होता, दाबला जात होता. तोंड मात्र मिटलेलं.

पुढे उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चालला होता. उसाची टोकं रस्त्यावर घासत होती. महानंदा त्याच्या मागे राहिली. बरंच अंतर ठेवून. मागून एक गाडी हॉर्न देत होती, मग आणखी एक. अप्पांनी दोनदा तोंड उघडलं. महानंदा मागेच. मला आरशात तिचा घाम दिसत होता.

"अहो," ती अचानक म्हणाली, नजर न हलवता. "मागचे वाजवायलेत. मी जाऊ का?"

अप्पा पुढे वाकले. समोरचा लांब रस्ता त्यांनी नीट पाहिला. मग म्हणाले, "तुला दिसतंय का रिकामं?"

"लांबवर रिकामं हाय."

"मंग तुझं तू ठरव."

तिनं आणखी थोडी वाट पाहिली. एक मोटरसायकल जाऊ दिली. मग सिग्नल देऊन गाडी बाहेर काढली, ट्रॉल्या हळूहळू मागे गेल्या, ऊस, चाकं, ट्रॅक्टरवाल्याचा लाल गमछा, आणि आम्ही पुढे. गाडी पुन्हा आपल्या बाजूला आली तेव्हा मला तो क्षण कळलासुद्धा नाही, इतकी अलगद.

"हाव, जमलं," सतनामभाऊ मिटल्या डोळ्यांनी म्हणाले.

लातूरला डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं, ऑपरेशन नको, झोळीत हात ठेवायचा आणि गप्प बसायचं. दवाखान्याच्या आवारात गाडी लावताना महानंदानं ती भिंतीला घासली. चांगली लांब ओळ उठली. ती खाली उतरली, ओळीवर बोट फिरवलं आणि तिथंच पायरीवर बसून रडली. अप्पा तिच्या शेजारी बसले. ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, मी मुद्दामच लांब उभी राहिले.

परत

सकाळी अप्पांनी विचारलं, "सुशीला घेणार का?" मला वाटलं, कोणी पाहुणी आली आहे. निघाले फोडणीचे चुरमुरे, भिजवून पिळलेले, वर शेंगदाण्याचं कूट. सतनामभाऊंनी डाव्या हातानं दोन वाट्या खाल्ल्या.

त्यांना आणि मला नांदेडला सोडायचं होतं. चाकूर वाटेतच. गाडी महानंदाच चालवायला बसली. कोणी ठरवलं नव्हतं. अप्पा डबा मांडीवर घेऊन मागे बसले.

प्लॉटिंगच्या कमानीपाशी सतनामभाऊंनी थांबायला सांगितलं. क्रेन दुपारी येणार होती, त्यांची गाडी गटारात तशीच नाक खुपसून होती. ते तिच्याकडे गेले नाहीत. झोळीतला हात सांभाळत ते सगळा रस्ता पायी चालले, आदल्या दिवशीसारखे, आणि आम्ही त्यांच्या मागे. बाभळींच्या वळणापाशी ते बराच वेळ थांबले. तिथून कमान दिसते का, बांध दिसतो का, हे वाकून, बाजूला होऊन बघत राहिले.

सोजरबाई तिथंच होत्या. सोयाबीन पुन्हा पसरलेलं.

"मावशी, चुकलं माझं," सतनामभाऊ म्हणाले. "तुमचं काय झालं असतं..."

"मेले असते," सोजरबाई म्हणाल्या. "न्हाई मेले. हात दुखतोय का?"

"दुखतोय."

"दुखू दे जरा." त्या दाताळं बाजूला ठेवून उभ्या राहिल्या. "आता मला एक सांगा. ह्या रस्त्यानं फिरून फिरून हितंच यायलेत सगळे. आन् त्याच्यासाठी जळकोटहून माणसं यायलेत. असं हाय तरी काय त्याच्यात?"

सतनामभाऊ सांगायला गेले आणि थांबले. अप्पांनी काहीतरी सुरुवात केली, वळण, ब्रेक, त्यांनाही पुढे सांगता येईना.

महानंदा म्हणाली, "बसता का मावशी? दाखवते." तिनं कमानीपाशी लावलेली गाडी सोयाबीनच्या पलीकडे आणून उभी केली.

सोजरबाईंनी आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं. मग चपला काढल्या, गाडीच्या बाहेर नीट जोडून ठेवल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. महानंदानं त्यांचा पट्टा लावला. सतनामभाऊ स्वतः बाभळींच्या वळणावर जाऊन उभे राहिले. अप्पांना दुहेरी वळणावर, मला सोयाबीनच्या अलीकडे. आमच्याकडे झेंडे नव्हते. माझ्याकडे ओढणी होती, अप्पांकडे टॉवेल. सोयाबीनपाशी एका गाडीपुरती वाट आम्ही मोकळी केली, दाणे हातांनी सारून.

गाडी निघाली. हळूच. पहिल्या वळणाला वळली, प्लॉटांच्या दगडांमागून तिचं पांढरं छप्पर सरकताना दिसत राहिलं. लांब पट्ट्यावर तिनं थोडा वेग घेतला. दुहेरी वळणावर अप्पा टॉवेल धरून एखाद्या शिपायासारखे ताठ उभे होते. बाभळींआड गेली, आली, आणि आमच्या समोरून त्या मोकळ्या वाटेनं गेली. सोजरबाईंचा चेहरा मला क्षणभरच दिसला. पदर वाऱ्यानं उडालेला, तोंड उघडं.

सोयाबीनच्या पलीकडे सोजरबाईंच्या चपला तशाच जोडून ठेवलेल्या होत्या. मला वाटलं, आता थांबतील. सोजरबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि पुढच्या वळणाकडे जोरानं हलवला. चल, चल. आणि महानंदानं पाय दिला.